डागामागचे कारण : लघुरेल्वेतील कारखान्याची घडण आणि त्याचे जुनेपण

लघुरेल्वे, म्हणजे खऱ्या रेल्वेची प्रमाणबद्ध छोटी प्रतिकृती, पाहताना प्रेक्षकाची नजर प्रथम धावत्या इंजिनावर खिळते. परंतु ते इंजिन कोणता माल ओढते, कोठून निघते आणि कोणाच्या दारात थांबते, या प्रश्नांची उत्तरे रुळांच्या कडेला उभ्या असलेल्या इमारतींमधूनच मिळतात. कारखाना, वखार, पिठाची गिरणी, ओतशाळा किंवा कोळशाचे आगार यांपैकी काहीच नसेल, तर गाडी गोल फिरत राहते आणि तिच्या फिरण्याला हेतू उरत नाही. म्हणूनच या छंदाच्या अमेरिकी परंपरेत कारखान्याच्या इमारतीला शोभेच्या वस्तूपेक्षा फार वरचे स्थान आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या संचातून अशी इमारत उभी करून तिला वर्षानुवर्षांच्या वापराचे रूप देणे ही एक स्वतंत्र कला मानली जाते. या कलेला हाताचे कौशल्य लागतेच, पण त्याहून अधिक लागतो तो कार्यकारणाचा विचार. भिंतीवरचा प्रत्येक डाग कशामुळे पडला हे ज्याला सांगता येते, त्यालाच तो योग्य जागी उमटवता येतो.

अमेरिकेत या छंदाला संघटित रूप आले ते 1930च्या दशकातील मंदीच्या काळात. विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात ए. सी. कालम्बाख यांनी जानेवारी 1934 मध्ये ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक सुरू केले आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरात ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. या संस्थेने रूळ आणि चाके यांची मापे ठरवून दिल्यामुळे निरनिराळ्या उत्पादकांचा माल एकाच मांडणीवर चालू शकला. 1944 साली फ्रँक एलिसन यांनी याच मासिकातील लेखमालेत लघुरेल्वेकडे रंगभूमी म्हणून पाहिले आणि देखावा हे नेपथ्य, गाड्या ही पात्रे व वेळापत्रक हे कथानक, अशी तिची संगती लावली. प्रत्येक वाघिणीसाठी एक छोटे कार्ड ठेवून तिच्यात कोणता माल आहे आणि तो कोठे पोहोचवायचा हे त्यावर नोंदवण्याची पद्धत पुढे रूढ झाली. त्या कार्डांवरचे पत्ते म्हणजे कारखान्यांचे मालधक्केच असल्यामुळे मुख्य मार्गावरून सांधा बदलून साइडिंगवर जाणे, रिकामी वाघीण काढून घेणे आणि भरलेली तिच्या जागी लावणे, या शंटिंगच्या कामाला अर्थ मिळाला तो कारखान्यांमुळेच.

मापाचे गणित

या छंदात जगभर सर्वाधिक प्रचलित असलेल्या प्रमाणाला एचओ म्हणतात. त्यात खऱ्या वस्तूचा एक फूट प्रतिकृतीत साडेतीन मिलिमीटर होतो, म्हणजेच प्रतिकृती मूळ वस्तूच्या सुमारे 87 पट लहान असते. या हिशेबाने सहा फूट उंचीचा माणूस 21 मिलिमीटरचा होतो, चाळीस फूट लांबीची बंद वाघीण सुमारे 14 सेंटिमीटरची होते, आणि आठ इंच लांब, सव्वादोन इंच उंच अशी अमेरिकी वीट जेमतेम 2.3 मिलिमीटर लांब व 0.65 मिलिमीटर उंच भरते. दोन विटांमधील दरज, जी प्रत्यक्षात सुमारे एक सेंटिमीटर रुंद असते, ती येथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी उरते. मापे इतकी बारीक असल्यामुळे रंगाचा एक जाड थर साच्यात नीट उतरलेल्या सगळ्या दरजा बुजवून टाकू शकतो, आणि म्हणूनच या कामात रंग नेहमी पातळ थरांमध्ये चढवला जातो.

याच गणिताची दुसरी बाजू अशी की खरा कारखाना पुरेपूर मापात उतरवणे बहुतेकांना शक्य नसते. तीनशे फूट लांबीची इमारत एचओ प्रमाणात एक मीटरहून मोठी होते, आणि घरातील एका खोलीच्या मांडणीत एवढी जागा एकाच इमारतीला देता येत नाही. यावर या छंदाने शोधलेला उपाय म्हणजे निवडक आकुंचन, ज्यात दारे, खिडक्या आणि विटा यांची मापे खरी ठेवून फक्त त्यांची संख्या कमी केली जाते. मूळ इमारतीत खिडक्यांचे पंधरा गाळे असतील तर प्रतिकृतीत सहाच राहतात, परंतु प्रत्येक गाळा मापात असल्यामुळे धक्क्यावर उभा केलेला माणूस आणि दारात लावलेली वाघीण त्याच्याशी सुसंगत दिसतात. जागा त्याहून कमी असेल तर इमारतीची दर्शनी भिंत आणि जेमतेम काही सेंटिमीटर खोलीच्या बाजू एवढाच भाग उभारून तो मागच्या रंगवलेल्या पडद्याला भिडवला जातो, आणि उरलेला कारखाना पाहणाऱ्याची कल्पनाशक्ती पूर्ण करते.

मूळ इमारत समजून घेताना

संचातील भागांना हात लावण्यापूर्वी मूळ वास्तूची रचना समजून घेणे फायद्याचे ठरते, कारण औद्योगिक वास्तूत सौंदर्यासाठी केलेले फार थोडे आणि गरजेपोटी केलेले फार जास्त असते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी गिरण्यांमध्ये जाड विटांच्या भिंती, भरभक्कम लाकडी खांब व तुळया आणि जाड फळ्यांचे तक्ते अशी रचना रूढ झाली. न्यू इंग्लंडमधील कारखानदारांच्या परस्पर विमा संस्थांनी तिचा आग्रह धरला, कारण जाड तुळई आगीत बाहेरून कोळसली तरी तिचा गाभा बराच वेळ भार पेलतो, आणि पातळ लाकडांच्या पोकळ्या नसल्यामुळे आग लपून पसरत नाही. जिना मुख्य इमारतीच्या बाहेर वेगळ्या मनोऱ्यात काढण्याचा हेतूही हाच, की एका मजल्यावरची आग जिन्यातून वर चढू नये. खिडक्या मोठ्या आणि ओळीने असत, कारण विजेच्या दिव्यांपूर्वी कामगाराला मिळणारा उजेड त्यांतूनच येई. पुढे, 1905च्या सुमारास, डेट्रॉइटमधील पॅकार्ड मोटार कारखान्याच्या दहाव्या इमारतीत वास्तुविशारद अल्बर्ट कान यांनी पोलादी सळ्या घातलेल्या काँक्रीटचा सांगाडा वापरला. भार सांगाड्यावर गेल्यामुळे भिंतीची जागा खिडक्यांनी घेतली आणि कारखान्याचे बाह्य रूपच पालटले.

अशा इमारतीच्या छतावर हमखास दिसणारी लाकडी टाकी हे या गरजेच्या तर्काचे उत्तम उदाहरण आहे. आग लागताच छतातील तोट्यांमधून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा बसवली गेली, आणि वीज किंवा पंप बंद पडला तरी पाण्याला दाब मिळावा म्हणून टाकी सर्वांत उंच ठेवावी लागली. उभ्या फळ्या एकमेकींना भिडवून आणि बाहेरून लोखंडी कडी आवळून ही टाकी बनवली जाई. पाण्याचा दाब तळाकडे वाढत जातो, म्हणून तळाजवळची कडी एकमेकींच्या निकट असतात आणि वर जाताना त्यांच्यातील अंतर वाढत जाते. प्रतिकृतीच्या टाकीवर सगळी कडी समान अंतरावर बसवली तर जाणकाराला ती लगेच खटकते, आणि जाणकार नसलेल्यालाही काहीतरी चुकले आहे असे वाटत राहते.

संचाची जुळणी

अशा संचांचे अनेक प्रकार आहेत. ब्रिटनमध्ये छापील पुठ्ठ्याचे संच लोकप्रिय आहेत, लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे आणि लेझरने कापलेले संच अनुभवी कारागीर पसंत करतात, तर जर्मनीतील फालर आणि अमेरिकेतील वॉल्थर्स यांसारख्या कंपन्यांमुळे साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचे संच सर्वसामान्य हौशींपर्यंत पोहोचले. या शेवटच्या प्रकारात पॉलिस्टायरिन नावाचे प्लास्टिक वितळवून दाबाने साच्यात भरले जाते. ज्या वाटांनी ते आत शिरते त्या वाटांमधले प्लास्टिक थिजल्यावर सुट्या भागांभोवती एक चौकट उरते, तिला स्प्रू म्हणतात. भाग या चौकटीपासून पिळून तोडल्यास कड फाटते, म्हणून सपाट तोंडाच्या छोट्या कात्रीने तो जरा दूर कापून उरलेला कोंब कानशीने घासून काढावा लागतो. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलकट द्रव्याचा अंश पृष्ठभागावर राहिलेला असतो, त्यामुळे सर्व भाग कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय रंग नीट धरत नाही.

पॉलिस्टायरिनचे भाग जोडण्याची रीत लाकूड किंवा कागद चिकटवण्याहून मुळातच वेगळी आहे. येथे वापरले जाणारे पाण्यासारखे पातळ द्रावक दोन पृष्ठभागांच्या मध्ये चिकट थर म्हणून राहत नाही. ते दोन्ही कडांचे प्लास्टिक मऊ करते, मऊ झालेले थर एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जाते आणि दोन भागांचा एकजीव सांधा होतो. म्हणून आधी भाग कोरडेच एकमेकांना भिडवून धरायचे आणि मग आतल्या बाजूने कुंचल्याचे टोक सांध्याला टेकवायचे, एवढेच पुरते. बारीक फटीतून द्रव आपोआप ओढला जाण्याच्या केशाकर्षणामुळे द्रावक सांध्याच्या संपूर्ण लांबीभर धावते आणि बाहेरच्या विटांवर थेंबही येत नाही. या द्रावकाची वाफ आरोग्याला घातक असल्यामुळे काम हवेशीर जागी करावे लागते.

इमारतीचे चारही कोपरे काटकोनात येणे ही जुळणीतील कळीची बाब होय. सुताराचा लहान गुण्या, धातूचे चौरस ठोकळे किंवा लोखंडी पत्र्यावर चुंबकांनी भिंती पकडून ठेवणारा साचा यांपैकी कशाच्याही आधारे पहिला कोपरा अचूक साधला की पुढचे सोपे जाते. पहिला कोपरा किंचित जरी बिघडला तरी त्याची चूक छपरापर्यंत वाढत जाते. आतल्या कोपऱ्यांत प्लास्टिकच्या चौकोनी पट्ट्या बसवल्याने भिंती वर्षांनंतरही वाकत नाहीत. दिवे लावायचे असतील तर भिंतींना आतून काळा रंग द्यावा लागतो, कारण पातळ प्लास्टिकमधून उजेड आरपार जातो आणि सगळी इमारत कंदिलासारखी उजळते. खिडक्यांच्या पारदर्शक काचा मात्र द्रावकाने जोडता येत नाहीत, कारण त्याने काच धुरकट होते, आणि झटपट चिकटणाऱ्या सायनोॲक्रिलेट गोंदाची वाफही तिच्यावर पांढरी झाक आणते. त्यासाठी वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंदच योग्य ठरतो.

विटा आणि दरजा

खिडक्यांच्या चौकटी, दारे आणि भिंती यांचे रंग वेगवेगळे असल्यामुळे ते जोडणीपूर्वीच दिले जातात. विटांच्या भिंतीसाठी मोटारींच्या पत्र्याला लावतात तो फवारणीचा तांबडा प्रायमर हा जुना आणि भरवशाचा पर्याय आहे. तो मॅट असतो, पातळ बसतो आणि भाजलेल्या मातीच्या रंगाशी जवळीक राखतो. तरीही एकाच रंगाची भिंत निर्जीव दिसते, कारण भट्टीत आगीच्या जवळच्या विटा अधिक भाजून काळपट होतात आणि दूरच्या विटा नारिंगी राहतात, त्यामुळे खऱ्या भिंतीत अनेक छटा मिसळलेल्या असतात. प्रतिकृतीत तीन-चार छटांच्या रंगीत पेन्सिली घेऊन इकडच्या-तिकडच्या सुट्या विटा रंगवल्या, की भिंतीला लगेच खोली येते. मात्र या छटा मूळ रंगापासून फार दूर गेल्या तर भिंतीवर देवी उमटल्यासारखे दिसते.

यानंतर दरजा भरण्याचे काम येते. फिकट करड्या किंवा बदामी रंगाचे ॲक्रिलिक भरपूर पाण्यात पातळ करून आडव्या ठेवलेल्या भिंतीवर सोडले, की ते आपोआप खोलगट दरजांत साठते. पाणी उडू लागल्यावर, पण रंग पूर्ण वाळण्यापूर्वी, बोटावर ताणून धरलेल्या किंचित ओलसर फडक्याने विटांच्या माथ्यावरचा रंग पुसून घेतला जातो आणि दरजांमधला तेवढा राहतो. फडके सैल धरले तर ते दरजांत शिरून तिथला रंगही उचलते, म्हणून ते ताणलेले असणे आवश्यक असते. दरजेचा रंग पांढराशुभ्र ठेवण्याचा मोह टाळावा लागतो, कारण दूरवरून पाहताना दरजा विटांच्या रंगात मिसळून भिंतीची एकूण छटा थोडी फिकट करतात, एवढेच डोळ्यांना जाणवते.

दूरवरून पाहण्याचा हा मुद्दा संपूर्ण रंगकामाला लागू होतो. एचओ प्रमाणातील इमारत साठ सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे खरी इमारत सुमारे 52 मीटरवरून पाहण्यासारखे आहे, आणि इतक्या अंतरावर हवेतील धूळ व बाष्प रंगांची तीव्रता कमी करतात. शिवाय घरातला दिव्यांचा उजेड सूर्यप्रकाशाच्या मानाने फारच मंद असतो, त्यामुळे मूळ इमारतीचा रंग जसाच्या तसा वापरला तर तो प्रतिकृतीवर गडद आणि जड वाटतो. म्हणून प्रत्येक रंगात थोडा करडा किंवा फिकट रंग मिसळला जातो, निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा सहसा वापरले जात नाहीत, आणि चकाकी संपूर्ण घालवली जाते. रंगांची पारख मांडणीवर जे दिवे असतील त्याच प्रकाशात करणे शहाणपणाचे असते.

पाणी, लोखंड, धूर आणि ऊन

ऊन, पाऊस, धूर आणि वापर यांच्या खुणा रंगांच्या साहाय्याने उमटवण्याच्या कामाला वेदरिंग म्हणतात, आणि त्याचा पहिला नियम असा की पाणी खाली वाहते. खिडकीची काच पाणी शोषत नाही. तिच्यावर पडलेला सगळा पाऊस खालच्या दगडी पट्टीवर येतो आणि पट्टीच्या दोन्ही टोकांवरून भिंतीवर ओघळतो, म्हणून जुन्या कारखान्यात प्रत्येक खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांपासून दोन ओघळ उतरलेले दिसतात. पन्हळीचा उभा नळ जिथे फुटला असेल तिथली भिंत सतत ओली राहते. विटा आणि चुन्यातील क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात आणि पाणी उडाले की पांढरा लोणा मागे राहतो. जमिनीलगतच्या एक-दोन फुटांवर पावसाचे थेंब आपटून मातीचे शिंतोडे उडवतात, त्यामुळे तिथे भिंतीला जमिनीचाच रंग चढतो. ही कारणे ध्यानात ठेवली की पांढरट, काळपट आणि मातकट छटा कुठे द्यायच्या याचा नकाशा कागदावर आधीच आखता येतो.

लोखंडाचा गंज वेगळ्या रीतीने वागतो. भिंतीला बांधून ठेवणाऱ्या लोखंडी सळईची बाहेरची चकती, जिन्याचे बोल्ट, पाटीचे आधार आणि टाकीची कडी यांच्यापासून गंज निघतो, पाण्याबरोबर खाली उतरतो आणि उतरता उतरता विरळ होतो. हे साधण्यासाठी जुन्या बोल्टखाली तपकिरी तैलरंगाचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका ठेवतात आणि व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून टिपून घेतलेला चपटा कुंचला त्या ठिपक्यावरून एकाच फटकाऱ्यात सरळ खाली ओढतात. वरचे टोक गडद राहते आणि खालचे टोक भिंतीत विरून जाते. ठिपका मोठा ठेवला तर ओघळ रंगाचा पट्टा वाटतो, आणि कुंचला तिरपा ओढला तर गुरुत्वाकर्षणाचा नियमच मोडतो. ताजा गंज नारिंगी आणि जुना गंज काळसर तपकिरी असतो, म्हणून एकाच ओघळात दोन्ही छटा थोड्या अंतराने दिल्या तर पाणी आजही तिथून झिरपत असल्याचा भास होतो. जस्ताचा मुलामा असलेल्या पन्हळी पत्र्यावर गंज एकदम पसरत नाही. आधी पत्रा निस्तेज करडा होतो, आणि मग कडा, खिळ्यांची भोके व दोन पत्र्यांचे जोड अशा मुलामा निघालेल्या जागांपासून गंजाची सुरुवात होते.

कोळशावर चालणाऱ्या काळातील शहराची खूण म्हणजे काजळी. ती आडव्या पट्ट्यांवर आणि कठड्याच्या माथ्यावर साचते, आणि जिथे पाऊस पोहोचत नाही अशा कंगोऱ्यांखाली व कमानींच्या आत अधिक काळ टिकते. याउलट पावसाच्या माऱ्यातल्या जागा धुतल्या जातात. वाफेची इंजिने ज्या बाजूने जातात त्या बाजूची भिंत साहजिकच अधिक काळवंडते. संपूर्ण इमारतीवर असा हलका काळेपणा आणण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काळी इंडिया इंक अगदी थोडी, म्हणजे अर्ध्या लिटरला एक ते दोन चहाचे चमचे, मिसळून ते द्रावण कुंचल्याने फिरवतात. अल्कोहोल झटकन उडते आणि शाई खाचाखोचांत बसते. हे द्रावण मॅट व्हार्निशच्या थरावर लावल्यास काही वेळा पांढरी झाक येते, म्हणून आधी भिंतीच्या आतल्या बाजूवर चाचणी घेतली जाते. शेवटी खडूसारख्या मॅट पेस्टल रंगांची पूड मऊ कुंचल्याने लावून धूळ आणि काजळीच्या बारीक छटा दिल्या जातात. व्हार्निश फवारल्यावर ही पूड बरीच फिकी पडते, हे गृहीत धरून ती किंचित जास्त लावावी लागते.

वेदरिंगमध्ये माणसाच्या हाताच्या खुणाही येतात. 1906 मध्ये बांधलेला कारखाना 1953 मधल्या मांडणीवर दाखवायचा असेल, तर मधल्या 47 वर्षांत तिथे काय घडले असेल याचा विचार करावा लागतो. एखादी खिडकी नव्या विटांनी बुजवलेली असते आणि त्या विटांचा रंग मूळ भिंतीशी जुळत नाही. धक्क्याच्या कडेचे लाकूड मालमोटारींच्या धक्क्यांनी खरवडलेले असते. पूर्वीच्या मालकाची भिंतभर रंगवलेली जाहिरात फिकट होऊन विटांचा पोत तिच्यातून दिसू लागलेला असतो. ही जाहिरात उमटवण्यासाठी पाण्याने सुटणारे छापील चित्र भिंतीवर ठेवून ते मऊ करणाऱ्या द्रवाने विटांच्या खाचांत बसवतात आणि वाळल्यावर अगदी बारीक घासकागदाने हलके घासतात. असे दोन-तीन तपशील पुरेसे असतात. प्रत्येक खिडकी बुजवलेली आणि प्रत्येक पत्रा गंजलेला असेल, तर कारखाना चालू आहे यावरचा विश्वासच उडतो.

छप्पर आणि पाया

रस्त्यावरून चालणाऱ्याला कारखान्याचे छप्पर दिसत नाही, परंतु लघुरेल्वे वरून पाहिली जात असल्यामुळे प्रतिकृतीचा सर्वाधिक दिसणारा भाग छप्परच असतो, आणि अनेक संचांत ते केवळ एक गुळगुळीत पत्रा असते. सपाट छपरावर डांबरी कागदाच्या तीन फूट रुंदीच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून अंथरल्या जात. एचओ प्रमाणात पट्टीची रुंदी साडेदहा मिलिमीटर येते, आणि मास्किंग टेपच्या त्या मापाच्या पट्ट्या चिकटवून करड्या-काळ्या छटांनी रंगवल्या की छप्पर खरे वाटते. पाणी साचते तिथे धुळीचे वर्तुळ, धुराड्याभोवती काजळी आणि दुरुस्तीच्या जागी ताज्या डांबराचे काळे ठिगळ, हे सगळे पुन्हा कारणांनुसारच येते. पायाकडे होणारे दुर्लक्षही असेच महागात पडते, कारण खरी इमारत जमिनीत रुतलेली असते आणि प्रतिकृती मात्र जमिनीवर ठेवलेली असते. भिंत आणि जमीन यांच्यातील सावलीची बारीक फट दिसली की सगळी मेहनत वाया जाते. भिंतीलगत बारीक माती पातळ गोंदाने बसवून आणि थोडे गवत उगवलेले दाखवून ही फट बुजवावी लागते.

कलेची परंपरा

लघुरेल्वेच्या आरंभीच्या काळात चकचकीत प्रतिकृतींचे कौतुक अधिक होते. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील छायाचित्रकार जॉन ॲलन यांनी ‘गोर अँड डेफेटिड’ या आपल्या मांडणीतून, आणि तिच्या छायाचित्रांतून, मळलेल्या इमारती व गंजलेली वाहने किती सजीव दिसतात हे दाखवून दिले, आणि वेदरिंगचा प्रसार होण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. 1973 मध्ये त्यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत ती मांडणी आगीत नष्ट झाली, तरी छायाचित्रांच्या रूपाने तिचा प्रभाव टिकला. जॉर्ज सेलिऑस यांनी 1967 मध्ये ‘फाइन स्केल मिनिएचर्स’ ही कंपनी काढून लाकडी इमारतींचे तपशीलवार संच तयार केले आणि ‘फ्रँकलिन अँड साउथ मँचेस्टर’ या मांडणीत मंदीच्या काळातील न्यू इंग्लंड उभे केले. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या मूल्यमापनात प्रतिकृतीला एकूण 125 गुण असतात: 40 बांधणीला, 20 तपशिलाला, 25 मूळ वस्तूशी असलेल्या सुसंगतीला, 25 रंगकाम व अक्षरांकनाला आणि 15 स्वतःच्या हाताने घडवलेल्या भागांना. सुसंगतीला रंगकामाइतकेच गुण मिळतात, आणि कारण समजून केलेल्या कामाला ही संस्था किती मान देते, हे त्यातून दिसते.

महाराष्ट्रात या छंदाचा परिचय घडवणारे ठिकाण म्हणजे भाऊसाहेब जोशी यांनी पुण्यात उभारलेले आणि 1998 पासून लोकांसाठी खुले असलेले लघुरेल्वे संग्रहालय. महाराष्ट्रातील औद्योगिक वास्तूंची प्रतिकृती करू इच्छिणाऱ्याला मात्र अमेरिकी कृती जशीच्या तशी उचलता येणार नाही. रुळांपासूनच फरक पडतो: भारतीय ब्रॉडगेजचे 1676 मिलिमीटरचे अंतर एचओ प्रमाणात 19.2 मिलिमीटर यायला हवे, पण तयार रूळ 16.5 मिलिमीटरचेच मिळतात. इमारतीच्या बाबतीत फरक आणखी खोल आहे. 1854 मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत ताडदेवला शहरातील पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला, तेव्हापासून तिथे उभ्या राहिलेल्या गिरण्यांचे करवतीच्या दातांसारखे उत्तरेकडे काचा असलेले छप्पर ब्रिटिश धाटणीचे असले, तरी त्यांचे जुनेपण कोकणपट्टीच्या पावसाचे आहे. नैऋत्येकडून येणारा वाऱ्याचा पाऊस इमारतीच्या एकाच अंगाला झोडपतो, चुन्याच्या गिलाव्यावर काळे शेवाळ धरते, पन्हळीखाली हिरवा ओघळ उतरतो, आणि धुराड्याच्या भेगेत पिंपळाचे रोप मूळ धरते. बोस्टनच्या काजळीची कृती येथे वापरली तर भिंत मळलेली दिसेल, परंतु मुंबईची दिसणार नाही.

मुंबईतील गिरणी कामगारांच्या 1982च्या संपानंतर या गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या आणि त्यांतील अनेकींच्या जागी आज उंच मनोरे उभे आहेत. अमेरिकेच्या ईशान्य भागातील गिरणीगावांचीही हीच कथा आहे. नकाशे आणि कागदपत्रे इमारतीची लांबी-रुंदी सांगतात, पण कामगार ज्या भिंतीशेजारून रोज गेला तिचा पोत, तिच्यावरची काजळी आणि फुटक्या पन्हळीखालचा लोणा यांची नोंद सहसा कोठेच होत नाही. लक्षपूर्वक केलेली प्रतिकृती ही नोंद करते, कारण तिला प्रत्येक डागाचे कारण विचारावे लागते. म्हणून जी औद्योगिक वास्तू अजून उभी आहे, तिची चारही बाजूंनी, छपरासह आणि पावसाळ्यातही छायाचित्रे घेऊन ठेवणे, खिडकीचे एक माप अचूक मोजून ठेवणे आणि विटांचे थर मोजून उंचीचा हिशेब लावणे, हे काम प्रतिकृती करणाऱ्याने संच विकत घेण्याआधी हाती घ्यावे. प्रतिकृती नंतर केव्हाही करता येईल, पण इमारत पडल्यावर तिच्या भिंतीला काहीच विचारता येणार नाही.